पहिला नमुना

कौठदऱ्यात काहीही सुरू व्हायचं ते ठकूआत्याच्या दारापासून. लहान मुलांचा डोस असो, रेशनची नवी कार्डं असोत, नाहीतर देवाच्या जत्रेची वर्गणी, माणूस आधी वरच्या अंगाला चढायचा, आत्याच्या ओट्यावर टेकायचा, तिच्या हातचं पाणी प्यायचा आणि मग घरं घेत घेत खाली उतरायचा. असं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. पण कुणी मधूनच सुरुवात केली तर माणसं त्याला दारात उभं राहून विचारायची, आत्याकडं जाऊन आलास का?

घरं अडतीस. सगळ्यात वरचं आत्याचं, सगळ्यात खालचं ओढ्याकाठचं योगिता लहामगेचं.

ठकूआत्या ही गावची लेक. चाळीस वर्षांपूर्वी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, तेव्हा तिच्या काखेत एक कोंबडी होती. उघड्या मानेची, मातकट रंगाची, पायाला जाड. भावांनी घराचा एक खण दिला, बाकी काही दिलं नाही. त्या एका कोंबडीवर आत्या उभी राहिली आणि पुढं सगळी वाडी तिच्या कोंबड्यांनी भरली. कारण वाडीत नवी सून आली की पाचव्या दिवशी आत्या तिच्याकडे जायची. पदराखाली खुडूक कोंबडी, टोपल्यात भाताचं तूस, त्यावर अकरा अंडी, आणि विजेनं अंडी नासू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा. पिल्लं निघाली की निम्मी सुनेची, निम्मी आत्याची. याला म्हणायचे अर्धलीनं देणं. सुनेचा स्वतःचा असा पहिला जीव तो. नवऱ्याला न विचारता विकता यायचा, सासूला न विचारता कापता यायचा.

योगितालाही सोळा वर्षांपूर्वी अशीच कोंबडी मिळाली होती. आता ती वाडीची पशुसखी होती. वर्षातून तीनदा शाळेच्या पटांगणात ड्रोन उतरायचा आणि लसीचा गार डबा ठेवून जायचा. योगिता तो घेऊन घरोघर फिरायची, कोंबडीच्या डोळ्यात एकेक थेंब टाकायची आणि पायातल्या कड्यावरचा आकडा टिपून घ्यायची. बाकीच्या बायकांच्या निम्म्या कोंबड्या नेमक्या त्या वेळी रानात असायच्या. आत्या मात्र आदल्या संध्याकाळीच सगळ्या डालून ठेवायची. "ये गं डॉक्टरीण," म्हणायची, "माह्या पोरींच्या डोळ्यात काजळ घाल."

पेटी आली त्याला दोन वर्षं झाली होती. पानाच्या डब्याएवढी, पाठीवर सौर पट्टी. त्याआधी पक्ष्यांच्या रोगानं देशभर हाहाकार केला होता, दोन ठिकाणी तो माणसांतही शिरला होता. म्हणून सरकारनं कायदा केला की रोग नुसता ओळखायचा नाही, त्याचं मूळ घर शोधायचं. कोंबडीच्या घशातून कापसाचा बोळा फिरवायचा, नळीत बुडवायचा, नळी पेटीत. चार तासांत पेटी सांगायची की रोग कोणता, आणि त्या विषाणूचा मजकूर काय.

हा मजकूर म्हणजे काय, ते तालुक्याच्या डॉक्टर तांबोळींनी पशुसख्यांना फार नीट समजावलं होतं. तरुण माणूस, मोजकं बोलणारा. त्यांनी सांगितलं की मानमोडीचा, म्हणजे कोंबड्यांच्या माना मोडणाऱ्या रोगाचा, विषाणू म्हणजे एक लांब कागद. त्यावर अक्षरं चारच, पण ती पंधरा हजार वेळा लिहिलेली. विषाणू कोंबडीच्या अंगात शिरला की स्वतःच्या नकला काढतो, आणि नकला काढताना चुकतो. तुमच्याकडे हळदीच्या गाण्यांची वही असते ना? एकीनं दुसरीची उतरवली, तिची तिसरीनं. मध्येच एकीनं हिरव्या चुड्याच्या जागी लाल चुडा लिहिला, की तिच्या पुढच्या सगळ्या वह्यांत लालच. पुढं अजून एकीनं सासूच्या जागी नणंद लिहिली, तर त्याच्या पुढं लाल चुडा आणि नणंद. अशा चुका जुळवत गेलं की कुणाची वही कुणाच्या शेजारी आहे, ते कळतं. पेटी हेच करते. घरांची साखळी लावते.

"मग पहिली वही कुणाची, ते कसं कळतं?" योगितानं तेव्हा विचारलं होतं.

डॉक्टर खूश झाले होते. म्हणाले, चांगला प्रश्न. नुसत्या या वह्यांवरून नाही कळत. आधी हिरवा होता का आधी लाल, हे कोण सांगणार? त्याला बाहेरगावची एखादी वही लागते. तिच्यात हिरवा असेल तर हिरवी बाजू आधीची. बाहेरची वही नसली तर पेटी तारीख बघते. ज्याचा नमुना आधी घेतला ते टोक पहिलं धरते, आणि घरांनी दिलेली उत्तरं पडताळते.

योगितानं ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

त्या साली शिमग्यानंतर मानमोडी आली. आधी पारू बांडेच्या तीन कोंबड्या गेल्या. माना मागं वळलेल्या, हिरवट पातळ शीट, पंख ओढत गोल गोल फिरून पडल्या. पारू ही योगिताची शेजारीण, ओढ्याकाठचीच. तिला वाटलं मुंगसानं घाबरवल्या. मग मधल्या आळीत सहा घरांत एकदम. आठ दिवसांत वाडी पहाटे आरवायची थांबली.

योगितानं पेटी काढली आणि रिवाजाप्रमाणे वर चढली. आत्याकडच्याही आठ गेल्या होत्या, पण तेवीस उभ्या होत्या. थेंब वेळेवर पडले होते म्हणून.

प्रत्येक घरात नमुन्याबरोबर पेटी पाच प्रश्न विचारायची. त्यातला एक असा, की गेल्या महिन्यात बाहेरून पक्षी आणला का? आत्यानं विचार केला. मग सांगितलं की हो, पारूकडून अर्धलीच्या चार तलंगा, कोवळ्या कोंबड्या, आल्यात, परवाच. ती खोटं बोलणारी नव्हती. कुठून आणला, हे पेटी विचारत नव्हती. योगितानं हो वर बोट ठेवलं.

पेटी उन्हावर चालायची. दिवसाला दहाच नळ्या. म्हणून पहिल्या दिवशी वरची आळी, मग दोन दिवस मधली, चौथ्या दिवशी खालची. आपलं घर सगळ्यात शेवटी, तेही रिवाजाप्रमाणेच. वाढणारीनं आधी स्वतःच्या ताटात घ्यायचं नसतं. तिच्या नऊ कोंबड्या मध्यंतरी दोन दिवस शिंकल्या होत्या, मग सावरल्या. सगळ्या उघड्या मानेच्या, सगळ्या आत्याच्या त्या पहिल्या कोंबडीच्या वंशातल्या. तिनं बोळा फिरवला आणि प्रश्न स्वतःच स्वतःला विचारले. बाहेरून पक्षी आणला का? नाही.

ते लिहिताना तिला काहीही वावगं वाटलं नाही. पंधरवड्यापूर्वी तिचा भाऊ पाहुणा आला होता, तेव्हा नवनाथनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, खालच्या बाजारातून एक कोंबडा आणला होता. पण तो आणलेला पक्षी थोडाच. तो कालवणाचा. संध्याकाळी आणला, रात्रभर खुराड्याच्या खांबाला बांधला, दुसऱ्या दिवशी कापला. पिसं आणि आतडी उकिरड्यावर. त्या उकिरड्यावर पारूच्या कोंबड्या उकरायला यायच्या. पाळायला आणतात त्याला आणणं म्हणतात. खायला आणलेल्याची गणती कौठदऱ्यात कुणीच केली नसती.

पाचव्या दिवशी समाजमंदिराच्या भिंतीवरचा पडदा उजळला. कायदाच तसा होता. मूळ घर सगळ्यांसमोर जाहीर करायचं, म्हणजे कुणी दडवणार नाही.

पडद्यावर एक झाड आडवं पडलेलं. फांद्यांच्या टोकांना घरं. सगळी वाडी जमली होती. आत्या पुढं सतरंजीवर बसली होती. पन्नाशीत ती महिलांच्या वर्गाला बसून अक्षरं शिकली होती आणि तेव्हापासून दिसेल ते वाचायची. बसवरची पाटी, मिठाची पिशवी, सगळं, एकेक अक्षर बोटानं हवेत धरत. तिनं झाडाच्या बुडापासून वाचायला सुरुवात केली. "मू-ळ घ-र." थांबली. मग, "ठ-कू-बा-ई." पुढचं आडनाव तिनं वाचलं नाही.

मग मागून एक पुरुष म्हणाला, की बरोबरच आहे, कोंबड्या तिच्याकडनं आल्या तर रोग काय आभाळातनं येईल? दोन-तीनजण हसले. कालपर्यंत हेच वाक्य मानाचं होतं. तिच्याकडनं आल्या म्हणून कोंबड्या काटक, तिच्याकडनं आल्या म्हणून अंडी मोठी. पारू बांडे, जिची अकरा जनावरं गेली होती, ती नुसती आत्याकडं बघत राहिली आणि मग सरकून लांब बसली.

योगिता झाड शेंड्यापर्यंत वाचत गेली. पडद्यावर साखळी स्पष्ट होती. आत्या, मग वरची आळी, मधली आळी, पारू, आणि अगदी शेवटच्या टोकाला ती स्वतः. आत्याकडून निघालेला मजकूर एकेक अक्षर बदलत तिच्यापर्यंत आला होता. किंवा तिच्याकडून निघालेला, एकेक अक्षर बदलत आत्यापर्यंत गेला होता. साखळी तीच. कुठल्या टोकाला धरायची, एवढाच प्रश्न. तिला बाजारचा कोंबडा आठवला. कापायच्या आधी तो मान एका बाजूला टाकून बसला होता. नवनाथ म्हणाला होता, पायाला बांधलाय म्हणून रुसलाय.

बाहेर जीपपाशी तिनं डॉक्टरांना गाठलं. विचारलं, पेटी चुकते का हो, सर?

"अक्षरं चुकत नाही," डॉक्टर म्हणाले. "साखळी जशी दिसते तशीच आहे. मुळाचं म्हणाल तर बाहेरचा नमुना अजून आपल्याकडे नाही. पण सगळ्यात आधीचा नमुना त्यांचा आणि बाहेरून पक्षी आणल्याचं उत्तर फक्त त्यांचं हो. बाकी सदतीस घरं नाही म्हणालीत. तुम्हीच भरलंय ना?"

"मीच भरलं."

"मग? कुणी खोटं सांगितलंय असं वाटतं का तुम्हाला?"

ते फार साधेपणानं विचारत होते. योगितानं जीपच्या चाकाकडं पाहिलं. मूळ घराचे सगळे पक्षी मारायचे, दोन वर्षं त्या घरात पक्षी ठेवायचा नाही, असा नियम होता. आणि उत्तर खोटं भरलं तर पशुसखीचं काम जायचं. पेटी पाठीला लावून चालायला लागल्यापासून वाडीतले पुरुष तिला अहो-जाहो करत होते. सासू तिला विचारून चूल पेटवत होती. तोंडाशी आलेलं तिनं गिळलं.

"नाही," ती म्हणाली. "खोटं कोण सांगेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं पिंप घेऊन आली. आत्याच्या कोंबड्या त्यांना बघून आंब्यावर आणि कुडाच्या छपरावर उडाल्या. माणसं जाळी घेऊन अर्धा तास धावली, एक पण हाती लागली नाही. आळीतली पोरं हसायला लागली. तेव्हा आत्या आतून सुपात मूठभर नागली घेऊन आली, अंगणात बसली आणि रोजच्यासारखी हाक घातली, ती ती ती ती. एकेक करून तेवीसच्या तेवीस खाली उतरल्या. ती एकेकीला उचलायची, पंख नीट मिटायची आणि पांढऱ्या कपड्याच्या हातात द्यायची. पिंपाचं झाकण उघडायचं, बंद व्हायचं. योगिता यादी घेऊन शेजारी उभी होती. कड्यावरचे आकडे वाचायचं काम तिचंच होतं.

शेवटची कोंबडी खुडूक होती. अंड्यांवरून उठायला तयार नव्हती. आत्यानं तिला टोपल्यासकट आणलं.

"अंडीबी न्यायची का?" तिनं विचारलं.

योगितानं मानेनंच हो म्हटलं. आत्यानं टोपलं दिलं आणि तुसात हात घालून तो लोखंडी खिळा तेवढा काढून घेतला.

त्यानंतर आत्याच्या दारावरून जाणारी माणसं पायवाट सोडून खालून वळसा घालायला लागली. पेटीनं तिच्या घरावर लाल ठिपका ठेवला होता. तो मोबाइलमध्ये दिसायचा, पण माणसं असं चालायची जणू जमिनीवरच आहे. जत्रेची वर्गणी त्या वर्षी मधल्या आळीपासून सुरू झाली. कुणी तसं ठरवलं नव्हतं. आत्यानं नातवाएवढ्या पोराला वर्गणी देऊन खाली पाठवलं, तर वर्गणी परत आली. नको म्हणाले, राहू दे म्हणाले.

वाडीत आता कोंबड्या म्हणाव्या तर योगिताच्या नऊ. बाकीच्या घरांतल्या मानमोडीनं नेल्या, उरला कुठं एखादा कोंबडा, कुठं बाजारची पांढरी. बायका योगिताच्या खुराड्यापाशी येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, तुझ्या राहिल्या बाई, थेंबाची पुण्याई. पारू तर म्हणाली, की आता आत्याची गादी तुझ्याकडं. योगिता हसायची आणि आत जाऊन उगाच भांडी हलवायची.

अठरा दिवसांनी दुपारी पेटी वाजली.

जिल्ह्यानं खालच्या बाजारातल्या कोंबड्यांचे नमुने वाचले होते. बाहेरची वही आली होती. पेटीनं झाड आपोआप पुन्हा मांडलं. बाजारातल्या विषाणूचा मजकूर योगिताच्या घरच्या मजकुराशी अक्षराला अक्षर जुळत होता. आत्याच्या घरच्यात आणि त्याच्यात सात अक्षरांचा फरक. झाड उलटलं होतं. बुडाशी योगिता, शेंड्याला आत्या. खाली ओळ होती: सुधारित मूळ घर. स्थानिक पशुसखीने अंगठा लावून पडताळावे. सात दिवसांत न पडताळल्यास जुनी नोंद कायम राहील.

नवनाथनं ते वाचलं आणि पेटीवर फडकं टाकलं. म्हणाला, सात दिवस काय, आजारी पड, माहेरी जा. मी कोंबडा आणला तो तुझ्या भावासाठी आणला, हेही लोक काढतील. आणि आत्याच्या मेल्या त्या मेल्या, त्या काय पेटी परत देणार आहे? तो वाईट माणूस नव्हता. सगळं खरं बोलत होता, म्हणूनच तिला ते सहन झालं नाही.

ती तीन दिवस थांबली. चौथ्या दिवशी वर गेली. अंगणात गवत उगवलं होतं. एवढ्या वर्षांत त्या अंगणात गवताला कोंबड्यांनी मान वर काढू दिली नव्हती. आत्या ओट्यावर नागली पाखडत होती. तिनं पाणी दिलं नाही.

योगितानं सगळं सांगितलं. कोंबडा, उकिरडा, नाही वर ठेवलेलं बोट, जीपपाशी गिळलेला शब्द. पेटी उघडून झाड दाखवलं. आत्यानं ते बोटानं हवेत धरत वाचलं. या वेळी आडनावासकट.

"म्हंजी तू माह्याकडं आधी आलीस, म्हणून मी पहिली," आत्या म्हणाली.

"हां."

"मान द्यायला आलीस."

योगितानं जे मनाशी ठरवून आणलं होतं ते पुढं ठेवलं. तुमच्या जातीच्या कोंबड्या आता जगात माझ्याकडच्या नऊच आहेत, आत्या. मी अंगठा लावला तर त्या पिंपात जातील. नाही लावला तर दोन वर्षांनी तुमची बंदी उठेल, तेव्हा मी तुम्हाला पिल्लं देईन. अर्धलीनं नाही, सगळीच्या सगळी. तुमचं खुराडं भरेल. तुम्ही म्हणाल तसं करते.

ती हे बोलली तेव्हा तिला खरंच वाटत होतं की आपण आत्याच्या बाजूनं बोलतोय.

आत्यानं सूप खाली ठेवलं.

"मला इचारायला आलीस व्हय," ती म्हणाली. "म्हंजी उद्या कुणी म्हणलं तर सांगायला, आत्याच म्हणली व्हती. माह्या कोंबड्या तू आकडे वाचून वाचून पिंपात घातल्या, तव्हा नाय इचारलं."

"आत्या, ती जात कायमची जाईल हो."

"जाऊ दे. कोंबडीच हाये. मी एकीवर आल्ते, तशी कुणीतरी येईल दुसरी घेऊन." मग म्हणाली, "चाळीस वर्सं माह्या दारावरून माणूस पाणी पिल्याबिगर गेला नाय. आता कुत्रं बी वळसा घालतं. लाव अंगठा. आन माह्यासमोर लाव."

योगितानं अंगठा लावला. पेटीनं हिरवा दिवा दाखवला आणि धन्यवाद म्हटलं.

पांढऱ्या कपड्यांची तीच चार माणसं आली. योगिताला हाक घालून कोंबड्या गोळा करता आल्या नाहीत. जाळीनंच धराव्या लागल्या. आकडे वाचायला त्यांनी शेजारच्या वाडीची पशुसखी आणली होती. नऊ आकडे, वेळ लागला नाही. डॉक्टर तांबोळी जाताना तिच्याकडं बघून काहीतरी म्हणणार होते, पण फक्त एवढंच म्हणाले की त्या दिवशी सांगायला हवं होतं. तिचं काम मात्र गेलं नाही. पेटी चालवायला वाडीत दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून ताकीद देऊन तिलाच ठेवलं.

आत्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. पडद्यावर नवं झाड लागलं तेव्हा समाजमंदिरात सात-आठच माणसं आली. पेटी आज हे म्हणते, उद्या ते म्हणेल, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. आत्याच्या दारावरून जायचं चुकवायची पायांना सवय झाली होती, ती सुटली नाही. फक्त आता माणसं योगिताचाही वळसा घालायला लागली. पारूनं मधल्या कुंपणाला काट्या लावल्या. नवनाथ तिच्याशी कामापुरतं बोलायचा. तिच्या भावानं फोन उचलणं बंद केलं.

पुढच्या पावसाळ्याआधी सरकारकडून पिल्लं आली. सगळ्या घरांना सारखी, दहा-दहा, पांढरी, जन्मतःच थेंब घातलेली. दोन घरं सोडून. आत्याची जुनी बंदी कागदावरून कुणी काढलीच नव्हती. प्रत्येकीनं आपापल्याला जाळी मारली आणि कुलूप लावलं. त्या वर्षी वाडीत तीन सुना आल्या. एकीच्याही दारात पाचव्या दिवशी कुणी टोपलं घेऊन गेलं नाही. कोंबडी दुसऱ्याच्या घरी द्यायची म्हणजे उद्या त्या घरात काही झालं तर साखळीत आपलं नाव, हे आता सगळ्यांना पाठ झालं होतं. एका सुनेनं पारूकडे खुडूक कोंबडी मागितली, तर पारू म्हणाली, कागद आण. कसला कागद, ते पारूलाही माहीत नव्हतं. मानमोडी मात्र पुन्हा आली नाही. जिल्ह्याच्या अहवालात कौठदरा रोगमुक्त वाडी म्हणून छापून आला.

दिवाळीनंतर नमुन्यांची फेरी लागली. वर्षातून एकदा, रोग असो नसो. योगिता पेटी पाठीला लावून निघाली आणि वाटेच्या तोंडाशी थांबली. वर जायचं धाडस झालं नाही. तिनं खालूनच सुरुवात करायची ठरवली. पारूनं कुंपणाआडून सांगितलं, आधी शेजारी कर, मग ये. शेजारणीनं दारच उघडलं नाही. मधल्या आळीत एकीनं सांगितलं की घरात कुणी नाही, आणि हे तिनं स्वतःच खिडकीतून सांगितलं. भीमा नावाचा म्हातारा ओट्यावर तंबाखू मळत होता, तो म्हणाला, की आमच्याकडं दुसरा नमुना घे बाई, तिसरा घे, पाहिजे तर सगळ्यात शेवटचा घे, पण पहिला नको. अडतीस घरांतून कुणालाच पहिलं व्हायचं नव्हतं.

ती वळत वळत नकळत वरच्या अंगाला आली. ऊन चढलं होतं. पेटीचा आकडा शून्यावर होता.

"काय गं, हिंडतीस नुसती," वरून आवाज आला.

त्या दुपारनंतर आत्यानं तिच्याशी बोललेलं हे पहिलंच. ओट्यावर ती तशीच बसली होती, पुढ्यात सूप. मागं रिकामं खुराडं, दार सताड उघडं. आढ्याच्या दोरीला तो लोखंडी खिळा बांधून टांगला होता.

"कुणी पहिला नमुना देत नाही," योगिता म्हणाली.

"मंग ये की. माह्यापासून कर सुरू," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती. "माह्या खुराड्यात पीसबी नाय. त्याला कशाचं मूळ लावशील?"

योगिता ओट्याच्या पायरीवर बसली. पेटी उघडली, तारीख टाकली. घर, ठकूबाई. पक्ष्यांची संख्या, शून्य. पेटीनं विचारलं की नमुना नाही, तरी पुढं जायचं का. तिनं हो वर बोट ठेवलं. मग पेटीनं रोजचा प्रश्न विचारला, की बाहेरून पक्षी आणला का, आणि योगितानं तो सवयीनं मोठ्यानं वाचला.

"चाळीस वर्सांपूर्वी आनला व्हता एक," आत्या म्हणाली. "लिही."

पेटीत तेवढ्या मागची तारीख बसत नव्हती. योगितानं नाही वर बोट ठेवलं आणि उठली. आत्यानं पाणी विचारलं नाही, तिनं मागितलं नाही. उतारावर दुसऱ्या घराचं दार किलकिलं झालं होतं. पहिलं घर झालं, हे तिथं कळलं होतं.